विनोदी नटाच्या बाजूने कोण?

भाऊबीज उलटली की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला, म्हणजे देसाईगंजला, झाडीपट्टी रंगभूमीच्या नाट्यमंडळांच्या कार्यालयांत गावोगावची माणसे येऊ लागतात. गावची मंडई (जत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) ठरलेला असतो आणि त्या रात्री नाटक हवेच असते. ठरवताना एक प्रश्न हमखास निघतो : विनोदी कोण? रात्रभराच्या प्रयोगात पहाटेपर्यंत मंडप धरून ठेवतो तो हाच. तो झाडीबोलीत बोलतो, म्हणून लोकांना आपल्या घरचा वाटतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी याच रंगभूमीवर पाच हजारांवर प्रयोग केले. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा ब्रह्मपुरी-सिंदेवाहीपासून कुरखेड्यापर्यंतच्या नटांना तो आपलाच मान वाटला असेल.

अशा नटाच्या नावावर तिकिटे खपतात. त्या नावाचे मोल मात्र वडशात ठरते. निर्माता गावाशी प्रयोगाची रक्कम ठरवतो आणि नटाला त्यातून नाईट, म्हणजे एका प्रयोगाचे मानधन, देतो. निर्मात्याशिवाय ही रंगभूमी उभी राहणार नाही, हे खरे. नट, वादक, नेपथ्य, गाडी तो जमवतो. ऐनवेळी कुणी आजारी पडले तर गावकऱ्यांना तोंड देणाराही तोच.

पण मुंबईत विनोदी कलाकाराचा व्यवस्थापक त्याच्या मानधनातून टक्केवारी घेतो. मानधन वाढले तर त्याचीही मिळकत वाढते, म्हणून तो कलाकारासाठी भांडतो. आपल्याकडे काम मिळवून देणारा आणि नाईट ठरवणारा माणूस एकच आहे, आणि नाईट कमी ठेवण्यात त्याचा फायदा आहे. नटाच्या बाजूने बोलायला बसलेले कुणीच नाही. कोरोनात प्रयोग थांबले तेव्हा हे एकटेपण उघडे पडले. आता विनोदी प्रवेश यूट्यूबवर फिरतात. त्या कमाईत नटाचा वाटा किती, हेही बोलायला हवे.

म्हणून प्रत्येक नटाच्या हातात कागद हवा : नाईट किती, प्रयोग रद्द झाला तर काय, चित्रीकरणाचे हक्क कुणाचे. एकट्याने मागितले तर पुढच्या हंगामात बोलावणे येईलच याची खात्री नाही. सगळ्या नटांनी मिळून, पावसाळ्यातच, तारखा देण्याआधी हे मागावे.