फोन उचलणार कोण?

हा विषय कला महाविद्यालयाच्या वार्षिकाला शोभत नाही, असे माझ्या एका मित्राचे मत पडले. टेलिफोनच्या तारा जोडणे हे तंत्रनिकेतनवाल्यांचे काम. आपण आपले कवितेतील प्रतिमा शोधाव्यात, असे तो म्हणाला. मला हे मान्य नाही. कचेरीतला फोन कोणत्या वेळी कोणाकडे वाजावा, तेथे कोणीच नसेल तर निरोप कोठे साठवावा आणि त्या निरोपाची वर्दी कोणाला द्यावी, हे ठरविणे तारांचे काम नव्हेच. तारा जोडणारा अर्ध्या दिवसात आपले काम उरकून निघून जातो. उरते ते माणसे ओळखण्याचे आणि चार वाक्ये नीट लिहिण्याचे काम. ते आपले आहे.

आमच्या भरे गावाच्या आजूबाजूला, घोटावडे-पिरंगुटच्या पट्ट्यात, भातखाचरांच्या शेजारी कारखान्यांच्या शेडी उभ्या राहिल्या आहेत. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना कचेरीच्या फोनची मातब्बरी ती काय, असे कोणी विचारील. त्याने एकदा पाळी बदलताना कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून पाहावे. पुष्कळ ठिकाणी कामगाराला मोबाइल फाटकावर जमा करूनच आत जावे लागते. मग आठ तास त्याच्या घरच्यांना एकच वाट उरते, ती म्हणजे कचेरीचा नंबर.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी अशाच एका कचेरीत कारकुनी केली. नाव सांगत नाही; नाव महत्त्वाचे नाही. तेथे ऐकलेली हकिकत अशी. दुसऱ्या पाळीतल्या एका कामगाराच्या भावाने गावाकडून संध्याकाळी सातच्या सुमारास फोन केला. कचेरीचे लोक सहालाच घरी गेलेले. यंत्राने अदबीने इंग्रजीत काही सांगितले, ‘टूं’ असा आवाज केला आणि निरोप टिपून घेतला. वडील अत्यवस्थ आहेत, दादाला लगेच पाठवा, एवढाच तो निरोप. दुसऱ्या दिवशी साडेनऊला कोणीतरी लाल दिवा पाहिला आणि तो ऐकला. कामगार अंत्यविधीला पोहोचला, भेटीला नाही. यंत्रात कसलाही बिघाड नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्याला जे सांगून ठेवले होते ते त्याने चोख केले. फाटकावरच्या खोलीत रखवालदार रात्रभर जागा असतो आणि तेथेही फोन आहे. पण सहानंतर तो वाजवावा, हे यंत्राला कोणी सांगितलेच नव्हते. ते सांगावयास एक पैसाही लागत नाही.

आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी लग्नपत्रिकेवर नंबरापुढे ‘पी. पी.’ असे लिहीत. फोन शेजाऱ्याचा, माणूस आपला. शेजारी फोन उचली, ‘धरून ठेवा’ म्हणे आणि पोराला धावत पाठवी. माणूस शेतावर गेला असेल तर घरात सांगून येई, आणि रात्री भेटल्यावर ‘निरोप मिळाला ना?’ असेही विचारी. कॉल वळविणे, निरोप ठेवणे आणि निरोपाची वर्दी देणे ही तिन्ही कामे त्या पोराच्या दोन पायांवर होत असत. (मराठीत निरोप देतातही आणि घेतातही, एक सांगण्यासाठी, एक निघण्यासाठी. वरच्या हकिकतीत दोन्ही चुकले.)

म्हणून यंत्राच्या नावाने बोटे मोडावीत, असे मी म्हणत नाही. मध्ये माणूस असला की सगळे गोड होते, हेही खरे नाही. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर नावाचा अंत्यविधीचे सामान पुरविणारा एक व्यावसायिक होता. टेलिफोन कचेरीतली बाई आपली गिऱ्हाइके दुसऱ्याकडे वळवते, असा त्याला संशय होता, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडा, पण त्याने स्वयंचलित जोडणीयंत्राचे पेटंट १८९१ मध्ये मिळविले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे तसे पहिले एक्स्चेंज सुरूही झाले. यंत्र पक्षपात करीत नाही. पण यंत्र काळजीही करीत नाही. ती त्याच्यात आधी भरून ठेवावी लागते.

ती कशी भरावी? पहिली गोष्ट वेळापत्रकाची. ही यंत्रे येतात तेव्हा शनिवार-रविवार सुट्टी धरूनच येतात. पुण्याच्या परिसरातील पुष्कळ कारखान्यांना सुट्टी असते गुरुवारी. गावच्या जत्रेला तर अर्धी कचेरी रिकामी होते. हा तक्ता तारा जोडणाऱ्याला कोठून ठाऊक असणार? दुसरी गोष्ट वर्दीची. नवा निरोप आला की यंत्र दिवा लावते, सांगितले तर ई-मेलने ध्वनिमुद्रण धाडते, मोबाइलवर संदेशही पाठविते. आमच्या साहेबांनी ‘ऑफिसच्या ई-मेलवर पाठवा’ असे सांगून टाकले. तो ई-मेल सर्वांचा, म्हणजे कोणाचाच नाही! वर्दी नावानिशी एका माणसाला जावी आणि त्याने अर्ध्या तासात निरोप ऐकला नाही तर दुसऱ्याला जावी. साहेबांना हा जाच वाटला. मला तो जबाबदारीचा साधा अर्थ वाटतो.

असे करता येते याचा दाखला शेतकऱ्यांसाठी केंद्र सरकारने २१ जानेवारी २००४ पासून चालविलेल्या किसान कॉल सेंटरचा आहे. १८००-१८०-१५५१ हा बिनपैशाचा नंबर. सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलण्याची सोय. इंद्रायणीवर करपा पडला तर भऱ्यातला शेतकरी मराठीत विचारू शकतो. या यंत्रणेच्या आखणीतच, सर्व लाइनी गुंतलेल्या असल्या किंवा केंद्र बंद असले तर शेतकऱ्याने निरोप ठेवावा आणि त्याला उलट फोन करावा, अशी तरतूद आहे. उलट फोन हा शब्द महत्त्वाचा. ज्याला उत्तर जात नाही त्या निरोपाला विहिरीत मारलेली हाक म्हणावे.

आता भाषेकडे वळतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी पेढे वाटले. त्याच मराठीसाठी फोनवर अजून तीन दाबावे लागते. आणि तीन दाबल्यावर तरी काय ऐकू येते? ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.’ असे मराठीत कोण कोणाला म्हणतो? ‘जरा थांबा, फोन जोडतो’ म्हटले की पुरे. ‘तारांकित कळ दाबा’ हेही तसेच. ज्या माणसाला गावात ‘स्टार’ म्हणतात ते ठाऊक आहे, त्याला तारांकित म्हणजे हॉटेल वाटेल. आधी काम सांगावे, मग आकडा: ‘पगाराविषयी बोलायचे असेल तर दोन दाबा.’ आकडा आधी सांगितला तर काम ऐकेपर्यंत तो विसरतो. पर्याय चारांहून जास्त नकोत, आणि शून्य दाबल्यावर कोणत्याही वेळी जिवंत माणूस मिळावा, मग तो रखवालदार का असेना.

आमच्याकडे उपयोजित मराठीच्या तासाला जाहिरात आणि बातमी लिहावयास देतात. एक तास या कामाला द्यावा, अशी माझी मराठी विभागाला विनंती आहे. मात्र लिहिलेले कागदावर तपासू नये. एकाने वाचावे, बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकावे, आणि पगाराला कोणता आकडा होता ते शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारावे.