जळकं तांबं

भंगाराच्या धंद्याचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत नाही, दसऱ्याला सुरू होतं. पाऊस उघडलेला असतो, हातगाड्या पुन्हा गल्लीबोळांत फिरू लागतात आणि घराघरांत दिवाळीची आवराआवर निघते. माळ्यावरचा गंजका कूलर, बुडाला भोक पडलेलं जर्मलचं पातेलं, बंद मिक्सर, मोडक्या खाटेचे पाय खाली उतरतात. तुळशीचं लग्न उरकलं की घरदुरुस्त्या सुरू होतात. त्यातून ग्रिल, पितळी नळ आणि जुन्या वायरिंगची भेंडोळी बाहेर पडतात. ही आवक संक्रांतीपर्यंत तरी टिकते. पावसाळ्यातली उसनवारी फेडायचे महिने हेच.

पण हा धातू सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. दारोदार फिरून भंगार विकत घ्यायचं, तर सकाळी खिशात रोकड आणि हाताखाली गाडी लागते. ज्यांच्याकडे ती नाही त्यांना कचऱ्यात पडेल ते. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य बायका, त्यातही दलित समाजातल्या. आणि रद्दीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारा शहरी माणूस कचऱ्यात लोखंड थोडंच टाकणार! त्यामुळे वेचणारीला धातू मिळतो तो तुकड्यांनी: चार्जरची तुटकी वायर, दिवाळीनंतर विझलेल्या माळा, बांधकामाच्या कडेला पडलेली बायंडिंगची तार. रखवालदारांनी रात्री शेकोटीत टायर घातलेला असला, तर पहाटे राखेत पोलादी तारा सापडतात. दोरीला बांधलेलं लोहचुंबक राखेतून फिरवलं की त्या आपोआप चिकटून येतात.

काट्यावर लोखंड दोन आकडी भावात जातं, तांबं तीन आकडी. म्हणून सगळा जीव वायरीत अडकलेला. वायर आहे तशी दिली, तर दुकानदार प्लास्टिकचं वजन अंदाजाने वजा करतो, आणि हा अंदाज चुकला तर दुकानदाराच्या बाजूनेच चुकतो. सुरीने सोलली तर लखलखीत तांबं निघतं, त्याला सर्वांत वरचा भाव. पण बारीक वायर सोलायची म्हणजे तासन् तास बैठक आणि बोटांना चिरा. तिसरा मार्ग काडेपेटीचा. काही मिनिटांत प्लास्टिक जळून जातं, काळवंडलेलं तांबं उरतं. त्याला सोललेल्यापेक्षा कमी मिळतात, पण वाचलेल्या वेळात आणखी दोन गल्ल्या होतात. थंडीच्या दिवसांत वर शेकही मिळतो.

हा धूर मात्र पालापाचोळ्याच्या धुरासारखा नव्हे. वायरीवरच्या पीव्हीसीत क्लोरीन असतो. ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिनसारखी जहाल विषं तयार होतात. त्यांच्या घडणीला चालना देण्याचं काम वायरीतलं तांबंच करतं. त्यात हिवाळा. जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार थराखाली अडकते, तिच्याबरोबर धूरही. मुठेच्या पात्रालगतच्या वस्त्यांवर तो सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतो. त्यातला पहिला श्वास काडी लावणारीचा आणि शेजारी शेकत बसलेल्या पोराचा.

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली: साध्या जाळण्याला ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,०००. बंदी योग्यच आहे. फक्त पावती फाटते ती काडी लावणारीच्या नावाने, जिची ५,००० ही अनेक दिवसांची कमाई. त्या काडीला ज्याने मोल दिलं, त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढत नाही.

खरं तर जळकं तांबं लपवता येत नाही. काळं, ठिसूळ, बोटाला काजळी लावणारं. काट्यावरचं पोरगंही ते लांबून ओळखतं. दुकानात त्याचा ढीग वेगळा, भाव वेगळा. म्हणजे गुन्हा झोपडीमागे घडत असला, तरी त्याचा दर बाजारपेठेत, दिवसाढवळ्या, वजन करून ठरतो. हा बाजार सरकारच्या नजरेआडही राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचं भंगार घेतलं, तर त्यावरचा जीएसटी भरण्याची जबाबदारी नोंदणीकृत खरेदीदारावर आहे. करासाठी त्याच्या वहीत डोकावता येतं, तर धुरासाठी का नाही? जळकं तांबं विकत घेणं हाच गुन्हा ठरवा. घेणारा नसला की जाळणारी कशाला जाळेल?

नुसती बंदी घातली तर भाव आणखी पडेल आणि भुर्दंड पुन्हा तिच्याच पदरात, हा आक्षेप खरा आहे. म्हणून बंदीच्या आधी यंत्र यायला हवं. वायर सोलायचं हातयंत्र ही काही अंतराळातली वस्तू नव्हे. हँडल फिरवलं की पात्याखालून वायर चिरत जाते. वीजही लागत नाही. पुण्यात १९९३ पासून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ आहे, २००८ पासून वेचणाऱ्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करते आहे. कचरा वर्गीकरणाच्या शेडमध्ये असं यंत्र बसवलं, तर ते कोणी वापरायचं आणि पाळी कशी लावायची, हे या बायकांना कोणी शिकवायला नको.

माळांमधली केसाएवढी तार यंत्रातही नीट सोलली जात नाही. ती योग्य भावाने त्यांच्याकडून घेऊन ई-कचऱ्याच्या अधिकृत कारखान्याकडे पाठवावी लागेल, आणि मधला तोटा महापालिकेला सोसावा लागेल. पैसे कुठून आणायचे, असं सभागृहात विचारलं जाईलच. ‘कचरा जाळू नका’ असे फलक ज्या तरतुदीतून लागतात, तिच्यापासून सुरुवात करायला हरकत नसावी.