लिफ्ट किट घेताय? आधी टायर बघा

पावसाळी ट्रेलचे बेत ठरू लागले की थार-जिमनीवाल्यांत हमखास वाद रंगतो: दोन इंच लिफ्ट की चार? माझ्या मते बहुतेकांना दोन पुरे, अनेकांना तेही नको. तीन दारांच्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स मुळातच 226 मिलिमीटर आहे, जिमनीचा 210.

लिफ्टने बॉडी वर जाते. दगडाला घासणारा डिफरेन्शियलचा गोळा मात्र आहे तिथेच राहतो, कारण थारला मागे आणि जिमनीला दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल आहे. तो उचलतो मोठा टायरच, आणि तोही व्यास वाढेल त्याच्या निम्माच. लिफ्ट हवी ती त्या टायरला जागा करायला आणि खड्या चढावर बंपर वाचवायला.

नुसता स्पेसर स्वस्त पडतो, पण जुन्याच शॉकअबवर चाक खाली जायला वाव कमी उरतो. स्प्रिंग आणि शॉकअब जोडीनेच घ्या. उंच झालेली गाडी ताम्हिणीच्या वळणांवर जास्त कलते, हे किट विकणारा सहसा सांगत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. म्हणून पैसे भरण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोन्हीकडे विचारा.