एक खाडा, दोन दिवसांचा पगार

गिरणीत किंवा बिगारीवर राबलेल्या माणसाला खाडा म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. एक खाडा, एका दिवसाचा पगार गेला. पण गेल्या शतकाआधी मॉरिशसच्या उसाच्या मळ्यात एका खाड्याला दोन दिवसांचा पगार कापत!

इंग्रजांच्या त्या बेटावर १८३५ साली गुलामगिरी बंद झाली. मळेवाल्यांनी १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात केली होती. कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबई बंदरातून जहाजे सुटत. रत्नागिरीकडची माणसेही त्यांत होती. पगार महिना ५ रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ. कागदावर तो स्वतंत्र मजूर होता.

करार संपला तरी सुटका कुठे? १८६७ च्या कायद्याने त्याला स्वतःचा फोटो लावलेला पास सतत जवळ ठेवावा लागे. फोटोचे पैसेही त्यानेच द्यायचे! पास घरी विसरला तर पोलीस भटक्या म्हणून धरीत.

१८७१ साली ९,४०१ मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. अडॉल्फ द प्लेव्हिट्झ या गोऱ्या माणसाने तो लिहून दिला. मळेवाले त्याच्यावरच उलटले, त्याला मारहाण झाली. पण १८७२ साली चौकशी आयोग बसला आणि १८७५ च्या अहवालात मजुरांचे गाऱ्हाणे खरे ठरले.

मजुरांचे ते फोटो मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेले आहेत. त्यांचे वंशज आपल्या पणजोबाचा चेहरा शोधायला तेथे जातात.