फडाचा तोटा कोणाच्या पदरी?



आमच्या नाट्याच्या बंदरातून होडी बाहेर पडण्याआधी तांडेल डिझेल, बर्फ आणि खलाशांचा शिधा यांचा खर्च बोटांवर मोजतो. मासळी लागली तर भागते, नाही तर कर्ज चढते. घाटावरच्या कुस्त्यांच्या मैदानाचा हिशेबही असाच असेल असे आपल्याला वाटते. पण राजापूरहून अणुस्कुऱ्याचा घाट चढा, मलकापूरच्या बाजूला जत्रेतला एखादा फड पाहा, आणि तिथल्या पंचमंडळींना विचारा, "यंदा नफा किती झाला?" मंडळी हसतील! मैदान बहुधा तोट्यातच जाते. तरी पुढच्या वर्षी ते पुन्हा भरते, ते कसे?

खर्च आधी पाहा. हौद्यासाठी तांबडी माती आणायची, चाळायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालायचा. हलगीवाले, मंडप, बाहेरगावच्या पैलवानांचे जेवण हे वेगळेच. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्या-नारळावर भागतात; पण शेवटच्या मोठ्या जोडीचे इनाम आधीच ठरलेले असते, आणि जेवढे नाव मोठे तेवढा आकडा मोठा. जमेला काय? घरटी वर्गणी आणि मैदानात कोणी हौसेने पुकारलेले बक्षीस. तिकीट क्वचित. एरवी दरडीवर, झाडावर बसून सारा मुलूख फुकट कुस्ती पाहतो.

पूर्वी हा भार राजा उचली. १९०२ साली शाहू महाराज विलायतेला गेले, तेव्हा वाटेत रोमचे जुने क्रीडागार त्यांनी पाहिले. त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले, ते १९१२ साली पुरे झाले. पण नुसत्या मैदानाने मल्ल घडत नाही. त्याचा रोजचा खुराक, दूध, तूप, बदाम, यांची सोय दरबाराने केली म्हणून तालमी भरल्या. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि तो आधार गेला.

मग काय झाले ते गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना विचारावे. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकसाठी जायचे तर पैसा नाही. गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, परत आल्यावर कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्यातून ते पैसे फेडले. हे मैदान फायद्यात गेले खरे. पण ऑलिंपिकचे पदक घेऊन आलेला गडी दर जत्रेला कुठून मिळणार? खर्डेकरांचे पाहून कोणी फडासाठी घर किंवा सातबारा गहाण टाकू नये.

पुढे काही साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन दिले, मैदाने भरवली. ते बरे झाले, कारण तिथे महिन्याच्या महिन्याला पैसे मिळत.

आता शहरी तऱ्हा पाहा. २०१५ साली प्रो रेसलिंग लीग निघाली. मालकांनी पैलवान लिलावात घेतले, सामने टीव्हीवर दाखवले. २०१९ च्या हंगामानंतर ती काही वर्षे बंद राहिली. अशा खेळाचे पोट जाहिरातीवर. जाहिरात आटली की मागे उभे राहायला गाव नसते. २०२० साली करोनात आपल्या जत्राही बंद झाल्या होत्या. पण बंदी उठली तसे फड पुन्हा भरले, कारण त्यांना कोणाला नफा काढून द्यायचा नव्हता.

तेव्हा तुमच्या गावात यंदा मैदान घ्यायचे ठरत असेल, तर वर्गणी हातात आल्यावरच मोठ्या जोडीचा आकडा बोला. पुकारलेले बक्षीस वसूल होईपर्यंत जमेला धरू नका. आणि एक सुचवतो, पटले तर पाहा. २०२३ च्या जानेवारीत पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या विजेत्याला मोटारगाडी मिळाली, छान झाले. पण तुमच्या तालमीतल्या पंधरा वर्षांच्या पोराला गाडी नको, दूध हवे. शेवटच्या कुस्तीचे इनाम थोडे कमी करून त्या पैशात दोन पोरांचे वर्षाचे दूध बांधून द्या. गवळ्याची वही जत्रेच्या हिशेबातच ठेवा, आणि पुढच्या जत्रेला देवळात ती मोठ्याने वाचा.