भातवडी कुणाच्या वाट्याला?

आज सतरावा रोजा. बद्रची लढाई याच तारखेला झाली, हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२४ मध्ये. या दिवशी मशिदीत बयान होतं आणि रमजानच्या पानावर बद्रबद्दल काहीतरी असतंच. तीनशे तेरा विरुद्ध सुमारे हजार, हा आकडा आमच्या घरातल्या लहान पोरांनाही पाठ असतो. मला मात्र त्या लढाईतली दुसरी एक गोष्ट जास्त आठवते. पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) यांचे जावई अबुल आस त्या दिवशी समोरच्या फौजेत होते आणि ते कैद झाले. त्यांना सोडवण्यासाठी हजरत जैनब यांनी मक्केहून आपल्या आईचा, हजरत खदीजा यांचा हार पाठवला. तो हार पाहून पैगंबरांना गहिवरून आलं. सहकाऱ्यांना विचारून त्यांनी हार परत केला आणि जावयाला सोडलं.

या लढाईनंतर हजार वर्षांनी, १६२४ मध्ये, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यात एक लढाई झाली. तिथेही सासरा एका फौजेत आणि जावई दुसऱ्या फौजेत होता. हजार वर्षांचा हिशेब हा निव्वळ योगायोग आहे, त्यात कुणी करामत शोधू नये. त्या लढाईचं नाव भातवडी. इंदापूर-बारामतीच्या वाचकांपैकी किती जणांनी ते ऐकलं असेल, याबद्दल मला शंका आहे, म्हणून आज तिच्याविषयी लिहितो.

कॉलेज सुरू झालं की पहिल्या आठवड्यात मी मुलांना चिठ्ठी लिहायला सांगतो: इतिहासातला तुमचा आवडता काळ कोणता आणि आवडती लढाई कोणती. नाव घालायचं नाही. (महिनाभरात अक्षरं ओळखू येतात, ते वेगळं.) पावनखिंड आणि प्रतापगड ठरलेले असतात, आणि असायलाच हवेत. सिंहगड असतो, पानिपत असतं, कारगिल असतं. मोबाइलवर गेम खेळणारे नॉर्मंडी नाहीतर स्टालिनग्राड लिहितात. एखादा पालखेड लिहितो, त्याला मी मनातल्या मनात दोन मार्क जास्त देतो, कारण १७२८ सालच्या त्या मोहिमेत बाजीरावाने मोठी लढाई न देताच निजामाला पाण्यावाचून कोंडलं होतं आणि हे समजायला थोडं वाचावं लागतं.

मुस्लिम मुलांच्या चिठ्ठ्यांवर बद्र असते, कधी ऐन जालूत असते. गेली काही वर्षं एर्तुग्रुल असतो, टीव्हीवरच्या तुर्की मालिकेतून आलेला. सणसर-लासुर्ण्याच्या बाजूचा, कालव्यावर पोहायला शिकलेला, घराबाहेर अस्सल मराठी बोलणारा पोरगा मला अनातोलियातल्या टोळ्यांची नावं सांगतो. आणि एकदोन चिठ्ठ्या कोऱ्या येतात. त्या कोऱ्या चिठ्ठ्यांचा अर्थ मला कळतो. आपण कोणतंही नाव लिहिलं तरी त्यावरून आपली बाजू काढली जाणार, असं त्या पोराला वाटत असतं. पावनखिंड लिहिली तर दाखवायला लिहिली, औरंगजेबाचं नाव आलं तर विषयच संपला. त्यापेक्षा कोरा कागद बरा.

याला उत्तर म्हणून एक यादी फिरते. शिवजयंती आली की मोबाइलवर येतेच: महाराजांच्या सैन्यातले मुस्लिम सरदार. तिच्यातली काही नावं पक्क्या आधाराची आहेत. पायदळाचा सरनोबत नूरखान बेग, सिद्दी हिलाल, आरमारातला दौलतखान, चिटणिसीतला काझी हैदर. काही नावं ऐकीव आहेत. यादी चांगल्या मनाने पाठवली जाते हे मान्य, तरी ती वाचताना मला पोलीस पाटलाकडून आणलेल्या दाखल्याची आठवण होते. अठरा वर्षांच्या मुलाने आपल्याच गावात राहण्यासाठी साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा सरनोबताचा दाखला का दाखवायचा? यादीने त्याची मान खालीच राहते. त्याला एखादी सबंध लढाई द्यायला हवी, सगळ्या बाजूंसकट. म्हणून माझा आवडता काळ १५९५ ते १६३६ हा आहे. नगरच्या तटावर चाँदबीबी उभी राहिली तिथपासून निजामशाही बुडाली तिथपर्यंतचा. आणि माझं आवडतं रणक्षेत्र नगरपासून भीमा-नीरेपर्यंतचं, म्हणजे आपण राहतो तेच.

मलिक अंबर हबशी होता, इथिओपियात जन्मलेला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, एका धन्याकडून दुसऱ्याकडे फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतलं. पुढे १६०० मध्ये मुघलांनी नगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही संपली असं सगळ्यांनी धरलं, तेव्हा याच माणसाने ती पुन्हा उभी केली. पंचवीस वर्षं त्याने मुघलांना दख्खनेत सुखाने बसू दिलं नाही. बादशहा जहांगीर त्याच्यावर इतका चिडला होता की अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्र त्याने काढून घेतलं. चित्र आजही डब्लिनच्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. अंबर १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, आपल्या मरणाने गेला. खुलदाबादला त्याची कबर आहे.

आमच्या समाजात अजूनही लग्न जमवताना खानदान कुठलं, अरबस्तानातून आलेलं की इथलंच, असे प्रश्न विचारले जातात. तुर्की घोडेस्वाराचं पोस्टर भिंतीवर लावणाऱ्या घरांत या काळ्या, विकल्या गेलेल्या माणसाचं नाव क्वचितच निघतं. हे मी आमच्याच लोकांना उद्देशून लिहितोय.

आता भातवडी. मुघल आणि विजापूरचा आदिलशहा निजामशाहीविरुद्ध एकत्र आले होते. अंबरने विजापूरच्या मुलखात घुसून धुमाकूळ घातला, तेव्हा आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मुघल सरदारांना घेऊन त्याच्या पाठलागावर निघाला. अंबर हटत हटत नगरजवळच्या भातवडीपाशी आला. तिथे तलाव होता. अंबरने त्याचं पाणी सोडून दिलं.

डाव्या कालव्याच्या आवर्तनावरून ज्यांनी रात्री जागून काढल्या, पाळी चुकली म्हणून ज्यांची शेजाऱ्याशी बोलाचाली बंद झाली, त्यांना या ओळीचा अर्थ समजावून सांगायला नको. पाणी सुटलं आणि काळ्या रानात चिखल झाला. वरून पाऊसही होता. शत्रूची फौज मोठी, तोफा आणि सामानसुमान अवजड, सगळं जागच्या जागी रुतलं. अंबरचे हलके घोडेस्वार, त्यात बरेचसे मराठे, रात्री छापे घालायचे आणि रसद तोडायचे. छावणीत धान्य महागलं, मग मिळेनासं झालं. उपाशी शिपाई छावणी सोडून अंबरकडे येऊ लागले. रोजेदाराच्या भुकेला मगरिबची अजान ठाऊक असते. कोंडलेल्या छावणीतल्या भुकेला अशी वेळ ठरलेली नसते. पुढे १३७ वर्षांनी पानिपतावर भाऊसाहेबांच्या फौजेने हीच भूक सोसली आणि १४ जानेवारी १७६१ ला, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, म्हणून ती बाहेर पडली. लढायांच्या गोष्टींत आपण तलवारी मोजतो, पोती कुणी मोजत नाही.

भातवडीला शेवटी अंबरने हल्ला चढवला. मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला, मुघलांचे कितीतरी सरदार कैद झाले.

आणि आता बाजू पाहा. अंबरच्या बाजूने शहाजीराजे भोसले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी लढत होते. या दोन भावांची नावं नगरच्या शाह शरीफ या सूफी संताच्या नावावरून ठेवलेली, असं परंपरा सांगते. वडील मालोजीराजे, ज्यांची गढी इंदापुरात आहे आणि जे इंदापूरच्याच लढाईत पडले असं मानतात. समोर मुघलांच्या बाजूला सिंदखेडचे लखुजी जाधवराव, म्हणजे जिजाऊंचे वडील, शहाजीराजांचे सासरे. शरीफजी या लढाईत पडले. जिजाऊंचा दीर गेला, नवरा जिंकला आणि बाप हरलेल्या बाजूला होता. विजयाची बातमी घरी पोचली तेव्हा त्या माउलीने कुणासाठी रडायचं होतं? जैनब यांचा हार मला इथे पुन्हा आठवतो.

या लढाईत हिंदू एका बाजूला आणि मुसलमान दुसऱ्या बाजूला अशी रेघ मारून दाखवा. मारता येत नाही. मुसलमान तिन्ही दरबारांत होते, मराठे दोन्ही फौजांत होते. सहासात वर्षांनी, १६३० च्या सुमारास, भोसल्यांची पुण्याची जहागीर जाळून बेचिराख केली, गाढवाचा नांगर फिरवला, असं ज्याच्याबद्दल सांगतात तो आदिलशाही सरदार मुरार जगदेव. ब्राह्मण होता. त्यापाठोपाठ मोठा दुष्काळ पडला आणि पुणे-सुपे-इंदापूरच्या रयतेला जाळणाऱ्याची जात विचारायलाही त्राण उरलं नसेल.

माझे एक सहकारी मला म्हणाले, "सर, तुम्ही सोयीची लढाई निवडलीत. धर्मावरून अत्याचार झालेच नाहीत का?" झाले. देवळं फुटली, माणसं बाटवली गेली, ते लपवून इतिहास शिकवता येत नाही आणि मी शिकवत नाही. भातवडीतही भाईचाऱ्याचं चित्र नव्हतं. माणसं वतनासाठी, पगारासाठी, भाऊबंदकीसाठी लढली. विजयानंतर वर्षभरातच शहाजीराजे अंबरला सोडून आदिलशाहीत गेले. १६२९ मध्ये निजामशहाने दौलताबादच्या दरबारात लखुजी जाधवरावांचा खून करवला, तेव्हा शहाजीराजे निजामशाहीत होते आणि एके काळी ज्या सासऱ्याविरुद्ध लढले त्याच्याच खुनामुळे त्यांनी पुन्हा बाजू सोडली. हे सगळं वर्गात सांगितलं की मुलं गोंधळतात. मला तो गोंधळ हवाच असतो. गोंधळलेला विद्यार्थी पुस्तक उघडतो, ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे तो फक्त स्टेटस बदलतो.

शिवाजी महाराजांच्या आज्ञेने लिहिलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात कवींद्र परमानंदांनी भातवडीची लढाई सविस्तर गायली आहे आणि मलिक अंबरचं वर्णन मानाने केलं आहे. महाराजांच्या दरबाराला वडील, काका आणि त्यांचा हबशी सेनापती यांची गोष्ट सांगायला संकोच वाटला नाही. तो आपल्यात कुठून आला?

अंबरकडून पुढे काय गेलं, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. दख्खनच्या डोंगरांत हलकी फौज कशी वापरायची हे मराठा घोडेस्वारांनी त्याच्या हाताखाली गिरवलं, जमीन मोजून सारा ठरवण्याची त्याची पद्धत 'मलिकंबरी' म्हणून जुन्या दप्तरांत नोंदली गेली. पण एका बाबतीत महाराज त्या सगळ्या काळाच्या पुढे गेले. १६७० च्या दशकात चिपळूणकडच्या छावणीतल्या आपल्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात ते बजावतात की दाणावैरण जपून वापरा, पावसाळ्यात संपली तर तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, आणि मग लोकांना तुमच्यापेक्षा मुघल बरे वाटतील. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इतक्या बारकाईने लिहिलेलं आहे. लढणाऱ्याच्या पोटाबरोबर पिकवणाऱ्याच्या पोटाचा विचार करणारं असं पत्र मुरार जगदेवाच्या काळात कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मुलांना आवडती लढाई विचारतो, तसं पुढच्या वर्षी आवडता कागद कोणता हेही विचारणार आहे, आणि मी स्वतः हे पत्र लिहीन.

२०२४ मध्ये भातवडीला चारशे वर्षं झाली. आमच्या ओळखीपाळखीत कुणाच्या स्टेटसवर ती दिसली नाही, ना हिंदू मित्रांच्या, ना मुस्लिम. गाव आज भातोडी पारगाव म्हणून ओळखलं जातं. तिथे शरीफजीराजांची समाधी आहे, नरसिंहाचं जुनं मंदिर आहे आणि तलावही आहे. भवानीनगरहून बारामती, दौंडमार्गे एका दिवसात जाऊन येता येतं. ईद आणि परीक्षा आटोपल्या की मुलांना घेऊन जायचा विचार आहे. चिठ्ठी कोरी देणाऱ्यांना गाडीत पुढची जागा. पालकांनी परवानगीच्या कागदावर सह्या लवकर कराव्यात, कारण जूनच्या आत जाऊन यायला हवं. पाऊस लागला की त्या काळ्या रानात गाडी रुतते.