पंधरा दिवसांच्या नोंदी पुरत नाहीत

‘पंधरा दिवसांपूर्वीचा आलेख उघडून बघतं कोण?’ मॉनिटरिंगचा खर्च कमी करायची वेळ आली की हा प्रश्न हमखास पुढे येतो आणि पहिली कुऱ्हाड जुन्या मेट्रिक्सवर पडते. या मताच्या बाजूने दोन भक्कम दाखले दिले जातात. साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली सुरू झालेली प्रोमिथिअस ही प्रणाली, वेगळं काही सांगितलं नाही तर, नोंदी १५ दिवसच ठेवते. आणि फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१५ मध्ये ‘गोरिला’ या टाइम-सीरीज डेटाबेसवर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात निदान ८५ टक्के विचारणा गेल्या २६ तासांतल्या माहितीसाठी असतात, अशी नोंद आहे.

दोन्ही दाखले खरे आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष मला साफ अमान्य आहे. ते १५ दिवस एका यंत्राच्या डिस्कपुरते आहेत. स्थानिक साठवण दीर्घकाळासाठी नाही, असं प्रोमिथिअसचे कर्ते स्वतःच सांगतात आणि म्हणूनच नोंदी दुसऱ्या साठवणीकडे पाठवायची सोयही देतात. फेसबुकनेही जुन्या नोंदी फेकल्या नव्हत्या. त्या एचबेस या डेटाबेसवर राहत होत्या. शिवाय विचारणा मोजून नोंदींची किंमत ठरत नाही. अलर्टचे नियम आणि भिंतीवरचे डॅशबोर्ड दिवसरात्र ताजी माहिती मागत राहतात. पुढच्या हंगामासाठी किती सर्व्हर लागतील हे ठरवणारा माणूस जुन्या नोंदी वर्षातून एकदोनदाच मागतो. त्याचा निर्णय मात्र वर्षभर निस्तरावा लागतो.

मग काहीजण ३६५ दिवसांची तडजोड सुचवतात. आपल्याकडे तीही तोकडी पडते, कारण आपली गर्दी तिथीने येते. मखर, मोदक, पूजेचं साहित्य ऑनलाइन विकणाऱ्याचं उदाहरण घ्या. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि ती १९ सप्टेंबरला गेली. मधलं अंतर ३८४ दिवसांचं. ज्याने ३६५ दिवसांची मर्यादा घातली होती, त्याच्याकडे २०२३ च्या चतुर्थीला आदल्या वर्षीच्या उत्सवाची एकही नोंद उरली नव्हती. ९ सप्टेंबरची अनंत चतुर्दशीसुद्धा पुसली गेली होती. खरेदीची झुंबड तर चतुर्थीच्या आधी उडते, म्हणजे ती त्याहूनही आधी गेली. वाढीचा वेग काढायला किमान दोन उत्सव शेजारी ठेवावे लागतात. ते ठेवायचे कुठून?

खर्चाचा आक्षेप जरा जवळून पाहू. दर १५ सेकंदांनी एक नोंद घेतली तर दिवसाला ५,७६० आणि वर्षाला सुमारे २१ लाख नोंदी होतात. वेळ आणि किंमत मिळून मूळ नोंद १६ बाइटची. गोरिलाने ती सरासरी १.३७ बाइटवर आणली. नोंदी ठरावीक अंतराने येतात, म्हणून वेळेतल्या फरकाचा फरक तेवढा साठवायचा. किंमत आधीचीच असेल तर एका बिटात भागतं. प्रोमिथिअसनेही हीच वाट धरली. सढळ हाताने २ बाइट धरले तरी एका मालिकेचं अख्खं वर्ष साधारण ४ एमबीत मावतं, म्हणजे मोबाइलवरच्या एका फोटोइतकं.

बिल फुगतं ते लेबलांमुळे. कुणीतरी मेट्रिकला ग्राहक-क्रमांकाचं लेबल लावतं आणि दहा लाख ग्राहकांमागे दहा लाख मालिका उभ्या राहतात. कुबरनेटीजमध्ये पॉडचं नाव लेबलात राहिलं की प्रत्येक डिप्लॉयमेंटला नव्या मालिका जन्मतात. अशी लेबलं निर्दयपणे काढावीत, आणि ग्राहकाचा माग हवा असेल तर तो लॉगमध्ये शोधावा. सगळंच कायमचं ठेवा, असा माझा आग्रह मुळीच नाही.

तिसरा आक्षेप: जुन्याची तासागणिक सरासरी ठेवली की झालं. इथेच सर्वांत मोठं नुकसान होतं. तासाभरातल्या २४० नोंदींपैकी २३० वेळा प्रतिसाद ४० मिलिसेकंदांत आला आणि १० वेळा ४ सेकंदांत, असं समजा. सरासरी येते २०५ मिलिसेकंद. आलेख निरोगी दिसतो आणि अडीच मिनिटांचा खोळंबा कायमचा गडप होतो. १९९९ पासूनच्या आरआरडीटूल या नोंदी साठवणाऱ्या साधनामध्येही कमाल-किमान ठेवायची सोय होती. ज्यांनी केवळ सरासरी निवडली, त्यांच्या हाती गुळगुळीत रेघ उरली. प्रोमिथिअसच्या नोंदी दीर्घकाळ जपणारा थॅनॉस दर पाच मिनिटांच्या आणि दर तासाच्या टप्प्यासाठी संख्या, बेरीज, किमान आणि कमाल अशा वेगवेगळ्या किमती राखतो, ते योग्यच आहे. ९९व्या शतमकाची तर सरासरी काढूच नये. हिस्टोग्रामच्या बकेटांचे आकडे ठेवावेत, कारण ते बेरजेने जुळतात आणि शतमक नंतर केव्हाही काढता येतो.

म्हणून मी मागतो ते एवढंच: कच्च्या नोंदी महिनाभर, पाच मिनिटांचा संक्षेप सहा महिने, आणि तासाचा संक्षेप कमाल-किमानासह निदान २७ महिने, म्हणजे अधिक मास मध्ये आला तरी मागचे दोन्ही गणपती हाताशी राहतील.